चौदाव्या वाफ्यातली चूक

नवीन काम आलं की आमच्या ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर पहिली चौकट मी काढते. ती लगेच निघते. दुसरी काढायला मात्र मला फार वेळ लागतो. मार्कर धरून मी उभी राहते, मागे खुर्च्यांवर बसलेली मंडळी मोबाइल पाहायला लागतात, कुणीतरी चहा सांगून येतं. सोळा वर्षं हे काम करते आहे, तरी त्या वेळी हात अडतोच. पहिली काही वर्षं अडत नव्हता. तो कधीपासून अडायला लागला ते इथे लिहिते आहे.

आधी काम काय ते सांगते. अमरावतीत एका लहान कंपनीत आम्ही वेबसाइट बनवतो. वेबसाइट अख्खी एका दमात बनत नाही. तिचे तुकडे पाडतात, त्यांना आम्ही कंपोनंट म्हणतो. वरची पट्टी हा एक तुकडा, शोधायची खिडकी दुसरा, वस्तूची माहिती दाखवणारा चौकोन तिसरा. एकदा बनवलेला तुकडा हवा तिथे बसवता येतो, आणि काही बदलायचं झालं तर एकाच जागी बदलावं लागतं. माणसांनाही कामं वाटून देता येतात. यात अवघड आहे ते कुठे कापायचं हे ठरवणं. ते सगळ्यांत आधी ठरवावं लागतं, आणि नेमकी त्याच वेळी आपल्याला त्या कामाची सगळ्यांत कमी माहिती असते.

माझे बाबा मोर्शीच्या आसपासच्या रोपवाटिकांमध्ये संत्र्याची कलमं बांधतात. घरात पदवी घेणारी मी पहिली. प्रवेशाचा फॉर्म कसा भरायचा हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. शाळेतल्या गणिताच्या बाई स्वतः मला एसटीत बसवून अमरावतीला घेऊन गेल्या आणि रांगेत दिवसभर माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. आज मी जे काही आहे त्यात त्या दिवसाचा मोठा वाटा आहे. पुढे कंपनीच्या सरांनी मला कामावर घेतलं तेव्हा मला धड इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येत नव्हती. त्यांनी माझं काम पाहिलं, बोलणं पाहिलं नाही. ही दोन माणसं आयुष्यात आली म्हणून चूक झाली की मला दुप्पट लागतं. मला वाटतं, ती त्यांनाही दिसते.

पहिली मोठी चूक अकोल्याच्या एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटची. तेव्हा मी नवी होते. कार्यालयाचा फोन नंबर मी अकरा पानांवर अकरा वेळा हातानं लिहिला होता. वर्षभरानं मालकांनी नंबर बदलला. मी दहा पानांवर बदलला, जेवणाच्या मेनूचं पान राहून गेलं. दरम्यान तो जुना नंबर बुलढाण्याकडच्या एका माणसाला मिळाला होता. त्यानं काही महिने ‘राँग नंबर’ सांगून पाहिलं. मग कंटाळून तो विचारणाऱ्यांना सांगू लागला, “हो, मोकळं आहे, या खुशाल.”

एका शनिवारी कार्यालयाच्या दारात दोन वऱ्हाडं उभी राहिली. मालकांचा मला फोन आला. ते रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, “मॅडम, इथं दोन नवरदेव घोड्यावर बसून राहिले. तुमी सांगा, कोणाले उतरवू?”

एकाला सकाळचा हॉल, एकाला संध्याकाळचा, असं करून त्यांनी निभावलं. पण त्या दिवसापासून एकसारखी गोष्ट दोन ठिकाणी दिसली की मला चैन पडेना. सारखं दिसलं की एकत्र कर, एकच तुकडा ठेव, हा माझा नियमच झाला. नियमात चूक नव्हती. भीतीपोटी मी तो सरसकट लावायला लागले, ती चूक होती.

काही वर्षांनी मोर्शीकडचे काही रोपवाटिकावाले एकत्र येऊन आमच्याकडे आले. त्यांचे प्रमुख विनायकभाऊ. त्यांना संत्र्याच्या प्रत्येक कलमाला लेबल लावायचं होतं. त्यावर छापलेला चौकोनी कोड मोबाइलवर धरला की कलमाची सगळी कुळकथा समोर यावी.

संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडांचं एक झाड. खाली जंबेरीचा खुंट असतो. जंबेरी हे एक रानटी वाटावं असं काटेरी लिंबू. त्याची मुळं काळ्या जमिनीत टिकतात, पण फळ कामाचं नाही. म्हणून त्याच्या सालीत चीर देऊन तिथे चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा, म्हणजे फुटवा येणारी बारीक कळी, बसवतात आणि पट्टीनं बांधतात. ज्या झाडावरून डोळे घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात. डोळा जसा तसं फळ. मातृवृक्षाला रोग असेल तर तो डोळ्याबरोबर पुढच्या झाडात उतरतो. आणि हे सगळं कळतं पाच वर्षांनी, पहिलं फळ धरतं तेव्हा. तोवर माणूस पाणी देत राहतो, खत घालत राहतो.

“पाच वर्षानं शेतकरी येते अन् म्हंते, तुमी फसवलं,” विनायकभाऊ म्हणाले. “आमाले तरी कुठं आठवते, कोनतं झाड कोनत्या डोळ्याचं? म्हनून हे लेबल पाहिजे.”

मी फळ्यावर चौकटी काढल्या. वाफा, खुंट, डोळा, विक्री. रोपवाटिकेत सगळं वाफ्यावर चालतं, म्हणजे रोपांच्या एकेका पट्ट्यावर, म्हणून वाफा मधोमध. मग माझं लक्ष खुंट आणि डोळा या दोन चौकटींवर गेलं. दोन्हींत तेच रकाने: जात, कुठून आणलं, तारीख. पडद्यावर दोन्ही अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसणार होत्या. मी दोन्ही पुसल्या आणि एकच मोठी चौकट काढली: ‘झाडाची माहिती’. एका वाफ्याला एक.

माझ्याबरोबर काम करणारी अश्विनी म्हणाली, “ताई, वेगळ्या ठेवू ना. उद्या एकीत बदल झाला तर?”

“सारखंच आहे गं. एकच ठेव.”

सरांनी विचारलं, “नक्की?”

मी म्हटलं, “नक्की.”

आणखी एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. त्या कामाच्या बैठकी विनायकभाऊंच्या रोपवाटिकेत झाल्या. मालक मंडळी खुर्च्यांवर बसायची, मी त्यांच्यात. कलमं बांधणारी माणसं थोडी लांब वाफ्यांत बसलेली असायची आणि त्यांत माझे बाबाही होते. मी मालकांना सगळं विचारलं. बांधणाऱ्यांना एक प्रश्न विचारला नाही. बाबांना मॅडमचे बाबा म्हणून उठून यावं लागू नये असं मला वाटत होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण ते होतं का, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

थंडीत कलमं बांधून झाली. मुकादमानं मोबाइलवरून वाफ्यांच्या नोंदी भरल्या. उन्हाळ्यात तपासणी झाली तेव्हा तीन नंबरच्या मातृवृक्षात रोग दिसला. विनायकभाऊंनी वेबसाइटवर ते झाड बाद केलं. आमच्या व्यवस्थेनं त्या झाडाचे सगळे वाफे शोधले आणि त्यांच्यावर ‘विकू नये’ असा लाल शिक्का आला. भाऊंचा कौतुकाचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून सगळ्या ऑफिसला ऐकवला.

जुलैत विक्री सुरू झाली. एका रविवारी मी मोर्शीला घरी गेले होते. बाबा म्हणाले, चाल, तुहं लेबल दाखव. आम्ही विनायकभाऊंच्या रोपवाटिकेत गेलो. चौदाव्या वाफ्यातली बहुतेक कलमं विकली गेली होती, कोपऱ्यात पंधरा-वीस उरली होती. बाबांनी माझा मोबाइल घेतला आणि लेबलावर धरला. पहिल्याच खेपेला जमलं म्हणून ते खूश झाले. मग चष्मा वर करून वाचू लागले.

“मातृवृक्ष सात,” ते म्हणाले. “सात कावून?”

“का म्हणजे? तसंच भरलं आहे.”

“या वाफ्यात तीनचे डोळे होते, माय. म्या बांधले. सातचे तं दुबारले वापरले.”

“दुबार म्हणजे?”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना संत्रं म्हणजे काय हे विचारलं होतं.

“डोळा मेला तं खुंट फेकून देते काय कोनी? तीन आठवड्यानं बाजूनं दुसरा डोळा भरतो. तवा जे झाड फुटलं असंल त्याचा. अन् लाल चिंधी बांधतो, दुबार हाये म्हनून समजाले.” त्यांनी एका कलमावरची विटलेली लाल चिंधी बोटानं उचलून दाखवली. “विकाच्या वक्ती काढून टाकतो. गिऱ्हाइकाले बरं नाई दिसत.”

“हे तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू इचारलं कधी?” बाबा म्हणाले. “अन् तुले काय सांगाचं? लहानपनी चिंध्या तूच तं फाडून देत होती. आईच्या लाल लुगड्याच्या.”

मी खरंच फाडून देत होते. दिवाळीनंतरच्या सुट्टीत, अंगणात बसून, बोटभर रुंदीच्या. त्या कशासाठी हेही मला तेव्हा माहीत होतं. फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा ते आठवलं नाही.

काय झालं होतं ते माझ्या ध्यानात आलं. खुंट वाफ्यात एकदाच लावला जातो. डोळा दोनदा बसू शकतो. मी दोन्ही एकाच तुकड्यात कोंबले होते, वाफ्याला एक नोंद, नोंदीत एकच मातृवृक्ष. मुकादमानं जानेवारीत दुबारची नोंद भरली तेव्हा आधीची ‘तीन’ पुसली जाऊन तिथे ‘सात’ आला. उन्हाळ्यात तीन नंबर बाद झाला तेव्हा चौदाव्या वाफ्यावर लाल शिक्का आलाच नाही. रोगट झाडाची कलमं आमच्या लेबलानं निरोगी ठरवून विकली होती.

तिथूनच अश्विनीला फोन केला. वेबसाइटची रोजची प्रत आम्ही वेगळी जपून ठेवतो. तिनं त्या जुन्या प्रती उघडून एकेका वाफ्याची पहिली नोंद काढली. नोंदी इतरही वाफ्यांत पुसल्या गेल्या होत्या, पण तिथले पहिले आणि दुसरे दोन्ही मातृवृक्ष निरोगी होते. धोका फक्त चौदाव्या वाफ्याचा होता. त्यातली चारशे कलमं एकाच ठिकाणी गेली होती, अकोटजवळच्या एका गावात, मंदाताईंकडे.

मी मंदाताईंना फोन लावला. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, कलमं लावू नका.

“मॅडम, खड्डे खोदून झाले,” त्या म्हणाल्या. “मानसं सांगून झाली. उद्या लावून राहिलो. आता काहून नाई?”

मी जमेल तसं समजावलं.

“माही पयली बाग अशीच गेली,” त्या म्हणाल्या. “पाच वर्सं जपली अन् मंग उपटली. म्हनून तं या बारीनं लेबलवाली घेतली. एकेक लेबल माह्या पोरीनं मोबाइलवर पाह्यलं.”

“मी उद्या सकाळी येते, ताई.”

“तुमी येऊन काय करसान?”

चिंध्या काढलेल्या होत्या. चारशेंतली कोणती तीनची आणि कोणती सातची, हे ना लेबल सांगू शकत होतं, ना अश्विनी. बाबा शेजारी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “म्या येतो. मले समजते.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. परतवाडा, मग अंजनगाव करत अकोट. बाबांनी डबा आणि एक पोतं घेतलं होतं, बसायला. सबंध रस्ताभर माझ्या डोक्यात एकच विचार होता: या बाईंनी आपण बनवलेल्या लेबलावर विसंबून पाच वर्षं पणाला लावली असती, आणि आपल्याला कधी कळलंही नसतं. एक रविवार मी घरी गेले नसते तर. सरांना मी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “आधी तिकडचं पाहा. आपलं नंतर बघू.” ‘आपलं’ म्हणजे काय, हे मी बसमध्ये पन्नास वेळा ठरवून पाहिलं. अंजनगावला बाबांनी मला चहा घ्यायला लावला. मला तो गेला नाही.

मंदाताईंच्या शेतात खड्ड्यांच्या ओळी अगदी दोरी धरून काढलेल्या होत्या. कलमं कडुनिंबाच्या सावलीत उभी करून ठेवली होती. मंदाताई पंचेचाळिशीच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मजूर बांधावर बसून आमच्याकडे पाहत होते.

बाबांनी पोतं अंथरलं, एक कलम समोर घेतलं आणि जिथे डोळा बांधलेला असतो तिथे अंगठा फिरवला. मग उलटून दुसऱ्या बाजूनं फिरवला.

“इकडं पाहा, बाई,” त्यांनी मंदाताईंना बोलावलं. “एकच गाठ हाये. हा पयला डोळा. हे नाई पाहिजे.” ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सहाव्या-सातव्या कलमावर थांबले. “हे पाहा. इकडं चीर भरून आली, अन् इकडं गाठ. पयला मेला, दुसरा जगला. हे सातचं.”

मंदाताईंनी स्वतः अंगठा फिरवून पाहिला. “मले तं काही लागून नाई राहिलं.”

“अजून पन्नास पाहा, मंग लागंल.”

त्या खाली बसल्या. तासाभरात त्या स्वतः निवडायला लागल्या आणि बाबा नुसते तपासू लागले. मी दोघांना कलमं आणून देत होते, दुसरं काही काम मला नव्हतं. दुपारपर्यंत चारशेंतली एक्केचाळीस निघाली. बाकीची विनायकभाऊंनी पाठवलेल्या गाडीत परत चढवली. त्याच गाडीतून दुसऱ्या वाफ्याची कलमं आली होती, अश्विनीनं जुन्या प्रतींतून पहिली नोंद ताडून पाहिलेल्या वाफ्याची.

मंदाताईंनी त्या नव्या कलमांवरचं एक लेबल हातात धरलं. “याच्यावर आता म्या कसा भरोसा ठेवू?”

प्रश्न मला होता. सांगता आलं असतं की नोंद तपासली आहे, दोनदा तपासली आहे. पण हेच मी जुन्या लेबलाबद्दलही सांगितलं असतं.

बाबा म्हणाले, “लेबल राहू द्या. हीपन पाहून देतो.” आणि त्यांनी तीही सगळी अंगठ्याखालून काढली. इथे ताडून पाहिलेली नोंद पहिल्या डोळ्याची होती, म्हणून या वेळी एक गाठ असलेली ठेवली, दोन खुणांची परत पाठवली. शेवटची ओळ लावून झाली तेव्हा मंदाताईंनी चहा केला. तो मी प्यायले.

निघताना मी बाबांना विचारलं, “नक्की ना, बाबा? सगळी नीट आहेत?”

“पाच वर्सानं सांगतो,” ते म्हणाले.

ऑफिसात परतल्यावर मी फळ्यावरची ती मोठी चौकट पुसली. खुंट वेगळा, डोळा वेगळा. डोळ्याच्या नोंदी एकीखाली एक राहतील, कुठलीच पुसली जाणार नाही. आणि प्रत्येक कलमाचं लेबल त्याचं स्वतःचं, वाफ्याचं नाही. विक्रीच्या आधी चिंधी काढताना त्या कलमाचा कोड टिपायचा, हे आम्ही मुकादमाबरोबर नाही, बांधणाऱ्या माणसांबरोबर वाफ्यात बसून ठरवलं. अश्विनीला हे सगळं उलगडायला नऊ दिवस लागले. तिनं एकदाही ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही. सरांनी मला काढलं नाही. मला शिक्षा हवी होती असं मी म्हणाले तेव्हा ते म्हणाले, “पुढच्या कामाचा फळाही तूच मांड, हीच शिक्षा.”

तेव्हापासून दोन गोष्टी सारख्या दिसल्या की मी आधी विचारते, या दोघी बदलतात कधी आणि कुणामुळे. एका वेळी, एकाच माणसामुळे बदलत असतील तर एकत्र. नाहीतर दिसू दे कितीही सारख्या. हे विचारायला मी खुर्चीवरून उठून जाते. सर अजून विचारतात, “नक्की?” मी म्हणते, आत्ता तरी असं दिसतंय.

मंदाताई दर दिवाळीला बागेचा फोटो पाठवतात. ती एक्केचाळीस झाडं त्यांनी एका ओळीत लावली आहेत आणि प्रत्येकाला स्वतःहून लाल चिंधी बांधली आहे. दरवर्षी जुनी गळते, दरवर्षी नवी बांधतात. हे पाचवं वर्ष. यंदाच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना फुललेली, फळं धरली आहेत, चिंधीवाल्या ओळीलाही आणि बाकीच्या झाडांनाही. मी विचारलं, कशी आहेत.

“हिरवी हायेत,” त्या म्हणाल्या. “हिरव्यावरून काय सांगू?”

हा दिवाळी अंक तुमच्या हाती येईल तेव्हा त्या फळांना रंग चढत असेल. बाबांनी अकोटच्या गाडीची वेळ विचारून ठेवली आहे. मी रजा टाकली आहे.